काष्टीचा बाजार आणि रसायनाचें मोल

अहिल्यानगर जिल्ह्यांतील श्रीगोंदा तालुक्यांत, दौंडाहून मनमाडाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, काष्टी नांवाचें मोठें गांव आहे. तेथील शनिवारचा जनावरांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. जनावरांच्या बाजारांतील एक जुनी रीत आमच्या वाचकांपैकीं कित्येकांनीं पाहिली असेल. घेणारा व देणारा यांच्या हातांवर एक उपरणें पडतें, त्याखालीं बोटें चेपलीं जातात, मुंड्या हालतात, आणि एकहि आंकडा तोंडावाटे न निघतां बैलाचें मोल ठरतें. भोंवतालच्या मंडळीस उपरण्याखेरीज कांहीं दिसत नाहीं; ज्यांचे हात आंत असतात त्यांस मात्र हिशेब पैपर्यंत ठाऊक असतो.

गेल्या हिवाळ्यांत कांहीं कामानिमित्त आम्ही त्या बाजूस गेलों असतां परत येतांना एका गुऱ्हाळावर थांबलों. काहिलींत रस उकळत होता, मळी काढून झाली होती, आणि म्हातारा गुळव्या हातांत लांब दांड्याचा झारा घेऊन फेंसाकडे एकाग्र दृष्टीनें पाहत होता. चिपाडाच्या ढिगास टेकून त्याचा नातू पुस्तक उघडून बसला होता. मुलगा नुकताच अकरावींत, विज्ञानशाखेस गेलेला. इतक्या ग्रॅम चुनखडीस तापविलें असतां किती मोल वायु निघेल व तो किती लिटर जागा व्यापील, असें त्याचें उदाहरण होतें. तें अर्थात् इंग्रजींत होतें. बराच वेळ खटपट करून त्यानें पुस्तक मिटलें व तो म्हणाला, "आजोबा, तुमचं बरं आहे. तुम्हांला मोल लागत नाही." म्हातारा फेंसावरची नजर न काढतां म्हणाला, "मोल लागत न्हाई तर गूळ काय फुकट इकतो व्हय?"

आम्ही हसलों, मुलगा हसला नाहीं. तीन महिन्यांत हें गणित कळलें नाहीं, सबब विज्ञान सोडून दुसरीकडे नांव घालावें असें त्याच्या मनांत घोळत होतें, हें मागाहून समजलें. दहावीस त्याला गणितांत चांगले गुण होते. मग अडलें कोठें? त्या दिवसापासून हा प्रश्न आमच्या मनांतून गेला नाहीं. त्याचें उत्तर शोधूं जातां आमच्या ध्यानांत आलें कीं, ज्या ठिकाणीं हा मुलगा अडला होता त्याच ठिकाणीं युरोपांतील मोठमोठे रसायनवेत्तेहि जवळजवळ पन्नास वर्षें अडून बसले होते. तीच हकीकत आज वाचकांपुढें ठेवावयाची आहे.

आरंभ चुन्यापासूनच करूं. भट्टींत शंभर किलो शुद्ध चुनखडी घातली तर छप्पन्न किलो चुना हातीं येतो. बाकीचे चव्वेचाळीस किलो कोठें जातात? भट्टीवाले पिढ्यान् पिढ्या चुना भाजीत आले, पण ही तूट कोणी जमाखर्चांत धरली नाहीं. ती धरणारा पहिला पुरुष स्कॉटलंडांतील जोसेफ ब्लॅक हा होय. १७५६ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत त्यानें तराजूच्या साहाय्यानें दाखवून दिलें कीं, चुनखडीसारख्या पदार्थांत एक वायु बांधलेला असतो. उष्णतेनें अथवा अम्लानें तो सुटतो, आणि जेवढा सुटतो तेवढीच वजनांत तूट येते. आपण ज्यास कर्बाम्लवायु म्हणतों तो हाच. डोळ्यांस न दिसणारी वस्तु तराजूंत सांपडूं शकते, ही गोष्ट त्या दिवशीं सिद्ध झाली. रसायनशास्त्र हिशेबी झालें तें अशा प्रयोगांपासून.

परंतु वायूस वजनापेक्षां मापानें मोजणें सोयीचें, आणि वायूचें माप तर मोठें चंचल. दाब वाढला कीं तें घटतें, उष्णता वाढली कीं तें फुगतें. या चंचलतेसहि नियम आहे, हें दोन टप्प्यांनीं कळलें. रॉबर्ट बॉइल यानें १६६२ त दाखविलें कीं, उष्णमान कायम ठेवून दाब दुप्पट केला तर वायूचें आकारमान निम्में होतें. पुढें शार्ल यानें १७८७ च्या सुमारास प्रयोग केले, पण ते छापले नाहींत. गे-ल्युसाक यानें १८०२ सालीं आपले प्रयोग प्रसिद्ध करितांना शार्लचें नांव प्रामाणिकपणें नमूद केलें. दाब कायम असतां, शून्य अंशावर वायूचें जें आकारमान असतें त्याच्या २७३ व्या भागाइतकी वाढ दर अंशास होते, असें आज आपण मानतों. यामुळेंच वायूचें माप सांगतांना उष्णमान व दाब सांगावे लागतात. ते न सांगतां 'इतके लिटर वायु' म्हणणें म्हणजे दांत न पाहतां बैलाचें वय सांगणें होय.

यानंतरची गोष्ट अधिक नवलाची आहे. १८०८ सालीं गे-ल्युसाक यास असें आढळलें कीं, वायु एकमेकांशीं संयोग पावतात ते साध्या मापांनीं. उज्ज वायूचीं दोन मापें व प्राणवायूचें एक माप मिळून पाण्याच्या वाफेचीं दोन मापें होतात. वजनांचे आंकडे पाहावे तर वेडेवांकडे, आणि मापें मात्र दोनास एक अशीं सरळ! यावरून कोणासहि वाटेल कीं, सारख्या मापाच्या वायूंत कणांची संख्याहि सारखीच असली पाहिजे. परंतु अणुवादाचा प्रवर्तक जॉन डाल्टन हाच या अनुमानाच्या आड आला. त्याचें म्हणणें असें : प्राणाच्या एका मापांत शंभर अणु आहेत असें धरा, वाफेचीं दोन मापें झालीं, तर वाफेचे कण दोनशें झाले, प्रत्येकांत प्राण आहेच, म्हणजे शंभर अणु दोनशें कणांत वांटावयाचे. प्रत्येकाच्या वांट्यास अर्धा अणु आला. आणि अणु तर अभंग! सबब गे-ल्युसाकचीं मापेंच चुकलीं असावीं.

आक्षेप बिनतोड दिसतो. त्याचें उत्तर १८११ सालीं इटलींतील आमेदेओ आव्होगाद्रो यानें एका वाक्यांत मावेल इतकें सोपें दिलें. प्राणवायूचा सुटा कण म्हणजे एक अणु नव्हे, दोन अणूंची जोडी आहे. संयोगाच्या वेळीं जोडी फुटते, अणु फुटत नाहीं. बाजारांत बैलांच्या शंभर जोड्या आल्या आणि दोनशें शेतकऱ्यांनीं एकेक बैल नेला, तर कोणी असें म्हणत नाहीं कीं बैल मधोमध कापले! म्हणून समान दाब व समान उष्णमान असतां समान आकारमानाच्या सर्व वायूंत कणांची संख्या समान असते, हा त्याचा सिद्धांत. कण जड असोत वा हलके, प्राणाचे असोत वा कर्बाम्लाचे.

इतकें सोपें उत्तर मिळूनहि तें कोणीं ऐकलें नाहीं. एकाच जातीचे दोन अणु परस्परांस धरून राहतील, ही कल्पना तत्कालीन विद्वानांस पटेना. परिणाम असा झाला कीं, कोणी प्राणाचा भार आठ धरी, कोणी सोळा; एकाचें पाणी उज्जाच्या एका अणूचें, दुसऱ्याचें दोन अणूंचें. एकच पदार्थ लिहिण्याच्या अनेक रीती प्रचारांत आल्या. आव्होगाद्रो १८५६ त वारला. आपला सिद्धांत मान्य झालेला त्यानें पाहिला नाहीं. दोन वर्षांनीं त्याचाच देशबंधु कानिझ्झारो यानें विद्यार्थ्यांस शिकविण्याच्या निमित्तानें एक लहानसें पुस्तक लिहिलें, आणि हा सिद्धांत मान्य केल्यास सगळे अणुभार कसे एकमेकांशीं जुळतात हें पायरीपायरीनें मांडलें. १८६० च्या सप्टेंबरांत जर्मनींतील कार्ल्सरूए येथें रसायनवेत्त्यांची मोठी परिषद भरली. वाद पुष्कळ झाला, निर्णय झाला नाहीं. पण शेवटीं तें पुस्तक सभासदांच्या हातीं वांटलें गेलें, आणि परिषदेंत जें झालें नाहीं तें परतीच्या प्रवासांत झालें. त्या परिषदेस मेंडेलेयेफ नांवाचा एक तरुण रशियन हजर होता. त्याचें मूलद्रव्यांचें कोष्टक नऊच वर्षांनीं प्रसिद्ध झालें.

या इतिहासांत एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. आव्होगाद्रोचा सिद्धांत विद्वानांच्या वादानें विजयी झाला नाहीं. एका शिक्षकानें तो मुलांस समजेल अशा रीतीनें मांडला, तेव्हां विद्वानांसहि तो समजला.

आतां 'मोल' हा शब्द. बाजारांतल्या मोलाशीं त्याचा संबंध नाहीं. तो जर्मनींतून आला. ओस्टवाल्ड यानें एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत तो रूढ केला, आणि रेणुवाचक शब्दाचें तें संक्षिप्त रूप आहे. अर्थ समजावयास मात्र आपल्याकडील 'मोळी' हा शब्द अधिक उपयोगी पडेल. कडब्याच्या पेंढ्या शेंकड्यानें विकतात. शेंकडा कडबा आणि शेंकडा वाढे यांचीं वजनें निराळीं, पण दोहोंत पेंढ्या शंभरच. मोल म्हणजे असाच एक ठराविक शेंकडा. फक्त कण इतके सूक्ष्म कीं शंभरानें भागत नाहीं. रेणुभाराइतके ग्रॅम पदार्थ घेतला म्हणजे ती मोळी पुरी होते : पाण्याचे अठरा ग्रॅम, चुनखडीचे शंभर, साखरेचे तीनशें बेचाळीस. प्रत्येक मोळींत कण तितकेच. ही संख्या किती याचा पहिला अंदाज लोश्मिट याच्या १८६५ च्या मापनांतून निघाला. १९०९ त पेरँ यानें तिला आव्होगाद्रोचें नांव दिलें. २० मे १९१९ पासून नव्हे, तर थेट २० मे २०१९ पासून, म्हणजे अगदीं आपल्या डोळ्यांदेखत, ती कायमची ठरवून टाकण्यांत आली : ६०२२१४०७६ या आंकड्यावर पंधरा शून्यें. आणि कोणत्याहि वायूची एक मोळी शून्य अंशावर, समुद्रसपाटीच्या दाबास, सुमारें २२.४ लिटर जागा व्यापते. उपरण्याखालचीं बोटें तीं हींच.

एवढें हातीं आलें म्हणजे त्या मुलाचें उदाहरण दोन ओळींचें राहतें. शंभर किलो चुनखडी म्हणजे एक हजार मोल. तींतून वायूचेहि एक हजार मोल निघतात. त्यांचें वजन चव्वेचाळीस किलो व आकारमान २२,४०० लिटर. दोनशें लिटरचीं एकशें बारा पिंपें भरतील इतका वायु एका लहानशा ढिगाऱ्यांत कोंडलेला होता! वैशाखांत पारा चाळीस अंशांवर असेल तर २२,४०० ला ३१३ नें गुणून २७३ नें भागावें. पिंपें सुमारें एकशें अठ्ठावीस होतील. वायु वाढला नाहीं, मोळ्या तितक्याच आहेत. ऐसपैस मात्र बसल्या.

आणि खुद्द आजोबांची काहील? तिच्यांत तर द्रावणाचा सबंध धडा आहे. उंसाच्या रसाचा दाटपणा ब्रिक्सच्या अंशांनीं सांगतात. हें नांव एकोणिसाव्या शतकांतील जर्मन गणिती ब्रिक्स याचें. रस अठरा ब्रिक्सचा, म्हणजे शंभर किलो रसांत विरघळलेले घन पदार्थ अठरा किलो. हजार किलो रसांत ते एकशें ऐशीं किलो झाले. गुळांत शेंकडा दहा भाग पाणी राहतें असें धरिलें, तर हे एकशें ऐशीं किलो म्हणजे गुळाचा शेंकडा नव्वदावा भाग; अर्थात् गूळ दोनशें किलो. मळींत थोडें जाईल तें निराळें. बाकीचें आठशें किलो पाणी आटवावयाचें, आणि द्राव्य तेवढेंच राहून द्रावक कमी होत गेलें म्हणजे संहति वाढत जाते. द्रावणाचें कोणतेंहि उदाहरण घ्या, त्याचें मर्म एवढेंच : काय कायम राहिलें व काय बदललें हें ओळखणें. आठशें किलो पाणी म्हणजे ४४,४४४ मोल. शंभर अंशांवर वाफेच्या एका मोलास सुमारें ३०.६ लिटर जागा लागते. तेव्हां त्या चुलाणावरून साडेतेरा लक्ष लिटरांहून अधिक वाफ आकाशांत गेली. संहति, मोल आणि वायु हे पुस्तकांतील तीन विषय एका काहिलींत एकत्र उकळत होते, आणि मुलगा त्यांजकडे पाठ करून बसला होता.

गुळव्या गूळ झाला हें कसें ओळखतो? पाकाचा थेंब थंड पाण्यांत टाकून तो बोटांनीं गोळी वळून पाहतो. शास्त्रज्ञ तेथें उष्णतामापक धरितात. गूळ उतरविण्याचें उष्णमान ११८ अंशांच्या आसपास सांगतात. साधें पाणी शंभर अंशांवर उकळतें, मग हे वरचे अठरा अंश कोठून आले? फ्रान्सांतील राऊल यानें १८८० नंतरच्या दशकांत द्रावणांचे जे नियम शोधिले त्यांवरून याचा उलगडा होतो. एक किलो पाण्यांत साखरेसारख्या पदार्थाचा एक मोल विरघळला कीं उत्कलनबिंदु सुमारें ०.५१ अंशानें चढतो. पदार्थ कोणता याला महत्त्व नाहीं, मोळ्या किती यालाच आहे. सगळे घन पदार्थ साखरच मानले, तर शेवटीं दर किलो पाण्यामागें सव्वीस मोल साखर राहते, व हिशेब साडेतेरा अंश चढ सांगतो. काहील मात्र अठरा दाखविते. यांत नियम खोटा ठरत नाहीं. तो विरळ द्रावणांचा आहे, आणि गुळाचा पाक विरळ नव्हे. नियम जेथें थकतो तेथें गुळव्याचीं बोटें थकत नाहींत, ही गोष्ट नम्रपणें कबूल केली पाहिजे. पण चुलाणावर काय घडतें व कां घडतें, हें त्या बोटांस सांगतां येत नाहीं. तें नातवानें सांगावयाचें आहे.

आतां प्रश्न भाषेचा. मराठींत रसायनशास्त्र नवें नाहीं. हरि केशवजी यांनीं १८३७ च्या सुमारास या विषयावर संवादरूप ग्रंथ मराठींत आणिला. म्हणजे कार्ल्सरूएच्या परिषदेपूर्वीं वीसबावीस वर्षें, खुद्द युरोपांत पाण्याचा रेणु अनिश्चित असतां, मराठी वाचकापुढें हें शास्त्र येऊन उभें राहिलें होतें. पुढें बाळाजी प्रभाकर मोडक (१८४७–१९०६) यांनीं कोल्हापुरास अध्यापन करीत असतां रसायनादि शास्त्रांवर मराठींत ग्रंथ लिहिले. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें १८९० त निघालेल्या कलाभवनांत प्रो. गज्जर यांनीं उद्योगविद्या देशी भाषांतून शिकविण्याचा उपक्रम केला. डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाचा एक सबंध प्रस्तावनाखंड विज्ञानेतिहासास दिलेला आहे. या मंडळींच्या काळांत उज्ज, प्राण, नत्र, कर्ब, पालाश अशीं नांवें प्रचारांत आलीं. पुष्कळांनीं त्यांची थट्टा केली, आणि विद्यालयांतून त्यांतील बहुतेक नाहींशीं झालीं.

पण सगळीं मेलीं नाहींत. काष्टीच्या कोणत्याहि खतांच्या दुकानांत जा. शेतकरी नत्र, स्फुरद व पालाश यांचेंच नांव घेईल. पंडितांनीं घडविलेले हे शब्द पंडितांनीं टाकिले, आणि शेतकऱ्यांनीं संभाळले! युरियाच्या पोत्यावर नत्र शेंकडा सेहेचाळीस असें लिहिलेलें असतें. हा आंकडाहि मोलाच्या हिशेबांतूनच निघतो : युरियाचा रेणुभार साठ, त्यांत नत्राचे दोन अणु मिळून अठ्ठावीस, म्हणजे शेंकडा सुमारें साडेसेहेचाळीस. पंचेचाळीस किलोच्या पोत्यांत वीस किलो सातशें ग्रॅम नत्र आलें. बांधावर बसून हा हिशेब करणारा शेतकरी आणि मोलाच्या नांवानें घाबरणारा त्याचा मुलगा एकाच घरांत जेवतात.

यावर कोणी म्हणेल कीं, उच्च विज्ञान इंग्रजींत आहे, जगाशीं संबंध ठेवावयाचा तर ती भाषा शिकलीच पाहिजे. हें आम्हांस पूर्णपणें मान्य आहे. मूलद्रव्यांचीं चिन्हें जगभर एक आहेत तीं तशींच असावीं; 'मोल' बदलून त्या जागीं एखादा जोडाक्षरी संस्कृत शब्द घालावा असेंहि आम्ही म्हणत नाहीं. आमची तक्रार निराळी आहे. दहावीपर्यंत मराठींतून विज्ञान शिकलेला खेड्यांतील मुलगा अकरावींत येतो, तेव्हां नवी भाषा आणि नवी कल्पना एकाच दिवशीं, एकाच धड्यांत त्याच्या अंगावर येतात. कारण मोल हा अकरावीच्या रसायनाचा अगदीं पहिला विषय. कोणतें ओझें जड झालें हें त्याचें त्यालाहि कळत नाहीं, आणि 'मला गणित येत नाहीं' असा खोटा निवाडा तो स्वतःविरुद्ध देऊन बसतो. डाल्टनसारख्या पुरुषास जी कल्पना पेलली नाहीं ती समजावयास एका मुलास चार दिवस अधिक लागले, तर त्यांत त्याची बुद्धि ती काय कमी? ती त्यास प्रथम त्याच्या भाषेंत, त्याच्या अंगणांतील वस्तूंनीं सांगावी. मग त्याच गोष्टीचें इंग्रजी नांव शिकणें एका दुपारचें काम आहे. पुस्तक कोणत्याहि भाषेचें असो, फळ्यापाशीं उभ्या राहिलेल्या शिक्षकाच्या तोंडास कोणीं कुलूप घातलेलें नाहीं.

त्या सायंकाळीं आम्हीं मुलास चुनखडीबद्दल कांहीं विचारलें नाहीं. काहिलींत रस किती, त्यांतून गूळ किती निघेल, एवढेंच विचारलें. त्यानें बोटांवर मोजून गूळ सांगितला, मग पाणी सांगितलें. पाण्याच्या मोळ्या किती, हें विचारतांच तो क्षणभर थांबला, वहीच्या मागच्या पानावर त्यानें अठरानें भागाकार केला, आणि आंकडा न सांगतां आमच्याकडे नुसता पाहत राहिला. मग पुस्तक पुन्हां उघडून चुनखडीचें उदाहरण त्यानें आपणहून काढलें. उत्तर बरोबर होतें. तेवढ्यांत म्हाताऱ्यानें हांक दिली. काहील उतरावयाची वेळ झाली होती. वही चिपाडावर पालथी टाकून नातू दांडा धरावयास धांवला. पाक वाफ्यांत पडला, त्याचा वास शिवारभर पसरला, आणि आम्हीं निरोप घेतला.

विज्ञानशाखा त्यानें पुढें सोडली कीं नाहीं हें सांगणें आमच्या हातीं नाहीं. पण असे मुलगे दर वर्षीं दर तालुक्यांत बसलेले असतात, आणि त्यांच्यासमोर उपरणें अंथरलेलेंच असतें. त्याखालीं त्यांचा हात एकदां धरून न्यावा, एवढेंच शिक्षकाचें व पालकाचें काम आहे. बोटें मोजणें त्यांचीं तीं शिकतील.